केअर प्लॅन आणि नर्सेस नोट्स: नाईटच्या सिस्टरला कळेल असं कसं लिहायचं

जीएनएमच्या (नर्सिंगच्या डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाला असताना मी एक केअर प्लॅन, म्हणजे पेशंटची काळजी कशी घ्यायची त्याचा लेखी आराखडा, अख्खाच्या अख्खा सिनियरच्या फाईलमधून उतरवला होता, आणि इतका मन लावून उतरवला की माझा पेशंट साठीचे बाबा आणि प्लॅनमध्ये शेवटी "स्तनपानाची योग्य पोझिशन समजावून सांगितली". ट्यूटर मॅडम ओरडल्या नाहीत, फक्त ते वाक्य अख्ख्या बॅचला वाचून दाखवलं. तेव्हा नुसती लाज वाटली, नेमकं चुकलं काय ते कळायला वॉर्डात काही वर्षं जावी लागली. तो प्लॅन मी फाईलसाठी लिहिला होता, कुणीतरी तो वाचून कामाला लागेल असं मनातही आलं नव्हतं. आता माझ्या वॉर्डात पोस्टिंगला मुलं-मुली येतात त्यांचंही तेच चाललेलं असतं, आणि खरं सांगायचं तर आम्हा स्टाफचंही बऱ्याचदा तेच, हॉस्पिटलचा दर्जा तपासणारे एनएबीएचवाले येणार म्हटलं की आठवडाभर फाईली चकाचक आणि ते गेले की परत "जनरल कंडिशन फेअर, व्हायटल्स स्टेबल, ट्रीटमेंट ऑर्डरप्रमाणे दिली".

म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय, आणि कसोटी एकच धरलीय. रात्री जी सिस्टर ड्युटीवर येईल, जिनं या पेशंटला कधी पाहिलेलंही नाही, तिला तुमचा कागद वाचून कळलं पाहिजे की या माणसाचं आज रात्री काय बिघडू शकतं आणि तिनं काय करायचंय. कळत नसेल तर तो कागद कितीही सुंदर अक्षरात असो, फुकट.

थोडं मागचं, कारण ते व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) विचारतातच. नर्सिंग ही एक प्रोसेस आहे असं लिडिया हॉल यांनी १९५५ मध्ये मांडलं, मग आयडा जीन ऑर्लँडो यांनी १९६१ मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं, आणि १९७३ मध्ये अमेरिकन नर्सेस असोसिएशनच्या स्टँडर्ड्समध्ये ती आली. त्याच वर्षी सेंट लुईसला नर्सिंग डायग्नोसिसची पहिली कॉन्फरन्स झाली, पुढे त्यातूनच नांदा (नर्सिंग डायग्नोसिसची नावं ठरवणारी संघटना) उभी राहिली. असेसमेंट, डायग्नोसिस, प्लॅनिंग, इम्प्लिमेंटेशन, इव्हॅल्युएशन हे पाच शब्द आपण पाढ्यासारखे म्हणतो, पण ऑर्लँडोबाईंचं मूळ म्हणणं मात्र बरेच जण विसरतात. तुम्हाला जे दिसलं आणि त्यावरून जे वाटलं ते बरोबर आहे का, हे पेशंटलाच विचारून खात्री करा. एवढी एक सवय लागली तरी निम्मा केअर प्लॅन आपोआप सुधारतो, खाली दिसेलच.

उदाहरणाला एक पेशंट घेऊ. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन पेशंट एकत्र केलेत, सोयीसाठी आजोबा म्हणू. वय ६४, शेती करतात, काठी घेऊन चालतात, डायबेटीस जुना, हार्ट फेल्युअर माहिती असलेलं, दम लागतोय आणि पाय सुजलेत म्हणून दुपारी चारला ॲडमिट.

असेसमेंट: फॉर्म नंतर, आधी माणूस

पेशंट कॉटवर आला की लगेच मान खाली घालून फॉर्म भरायला घेऊ नका. दोन मिनिटं नुसतं बघा आणि बोलतं करा. "आजोबा, कुठून आलात?" विचारलं तर ते दोन-तीन शब्द बोलून थांबतायत, श्वास घेतायत, मग पुढचं. हीच पहिली नोंद, "एका दमात पूर्ण वाक्य बोलू शकत नाहीत". मग रेस्पिरेशन मोजा, आणि खरंच पूर्ण मिनिटभर मोजा, कारण आपल्याकडे अख्ख्या वॉर्डाचा आरआर (मिनिटाला श्वास) २० असतो, ज्याला न्यूमोनिया त्याचाही २० आणि ज्याचा उद्या डिस्चार्ज त्याचाही २०. नाडी बघतोय असं भासवून मनगट धरून ठेवायचं आणि छाती मोजायची, मोजतायत कळलं की माणूस श्वास बदलतो. आजोबांचा आरआर २८ आला, नाडी १०८, बीपी १५०/९०, एसपीओटू (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) रूम एअरवर, म्हणजे ऑक्सिजन न लावता, ८९, शुगर २१२.

पाय सुजलेत एवढं लिहून भागत नाही. नडगीच्या हाडावर अंगठा पाच सेकंद दाबून धरा, काढा, खड्डा किती पडतो बघा. साधारण २ मिलिमीटर म्हणजे प्लस वन, ४ म्हणजे टू, ६ म्हणजे थ्री, ८ म्हणजे फोर. आणि सूज कुठवर आहे तेही लिहा, घोट्यापर्यंत का गुडघ्यापर्यंत. "दोन्ही पायांना गुडघ्याखाली प्लस थ्री" असं लिहिलं तर उद्याची सिस्टर तिथेच दाबून सांगू शकते की कमी झालीय का नाही. नुसतं "पेडल एडिमा प्रेझेंट" लिहिलं तर ते आजही प्रेझेंट, उद्याही प्रेझेंट आणि डिस्चार्जच्या दिवशीही प्रेझेंट.

आता बोलण्याकडे वळू, कारण खरा माल तिथेच असतो. "झोपताना किती उश्या घेता?" असं विचारलं तर आजोबा म्हणाले, "उशी कुठली, आठ दिस झाले खुर्चीतच बसून झोपतुय." हे वाक्य जसंच्या तसं मराठीत, अवतरण चिन्हात लिहा. आपल्या नोट्स बहुतेक ठिकाणी इंग्रजीत असतात म्हणून पेशंटचं बोलणंही इंग्रजीत ढकलायची आपल्याला सवय लागलीय, आणि त्यात सगळा जीव जातो. विचार करा, मराठी माणूस दुखण्याला किती शब्द वापरतो. चमक निघते, कळ येते, ठणका लागलाय, आग होते, टोचतंय, ओढ लागते, मुंग्या येतात, बधिर झालंय. गळू असलेला माणूस ठणकतंय म्हणेल, मुतखड्याचा कळ म्हणेल, आणि डायबेटीसचा पाय आग-मुंग्या म्हणेल. हे सगळं आपण "पेशंट कम्प्लेन्स ऑफ पेन" या एकाच डब्यात कोंबतो. त्यातून "जीव घाबरतोय" हा शब्द तर फार जपून ऐका, त्याच्यामागे गॅस असतो, शुगर कमी झालेली असते, टेन्शन असतं आणि कधीकधी हार्ट अटॅकही असतो. पेशंटचे शब्द देवनागरीत लिहून पुढे तुमची इंग्रजी नोट चालू ठेवलीत तर कुणीही हरकत घेत नाही, मी कित्येक वर्षं लिहितेय.

आणि गोळ्यांची पिशवी मागा. घरून येताना प्लास्टिकच्या पिशवीत अर्ध्या कापलेल्या स्ट्रिप्स असतात, त्या बेडवर ओतून एकेक विचारायचं, ही कधी घेता, ही कशाची. आमच्या उदाहरणात आजींनी एक स्ट्रिप हातात घेतली आणि हळूच म्हणाल्या, "ही पाण्याची गोळी त्यांनी तीन आठवडे झाले बंद केलीया. रातच्याला सारखं उठाय लागायचं, एकदा अंगणात पडता पडता वाचलं." पाण्याची गोळी म्हणजे लघवी वाढवून अंगातलं पाणी कमी करणारी. मग आजोबांनाच विचारलं, गोळी कधी घ्यायचात, तर जेवण झाल्यावर रात्री. बघा आता, डॉक्टरांच्या ॲडमिशन नोटमध्ये "ड्रग कम्प्लायन्स पुअर" एवढंच असणार, पण गोळी का बंद केली हे तुम्हाला कळलं, आणि पुढचा अख्खा प्लॅन त्या एका उत्तरावर उभा राहणार आहे.

स्केल भरताना अंदाजे आकडा टाकू नका, बेरीज करा. मॉर्स फॉल स्केलवर (पेशंट पडण्याचा धोका मोजणारी) आजोबांचं काय होतं: आधी पडलेले नाहीत, शून्य. दुसरा आजार आहे, १५. काठी, १५. कॅन्युला (सलाईनसाठी शिरेत घातलेली नळी) लागलेली, २०. चाल अशक्त, १०. भान व्यवस्थित, शून्य. एकूण ६०, आणि ४५ च्या वर बहुतेक ठिकाणी हाय रिस्क धरतात. प्रेशर सोअरसाठी (पडून राहून होणाऱ्या जखमांसाठी) ब्रेडन स्केल, त्यात उलटं असतं, आकडा जितका कमी तितका धोका जास्त, १८ किंवा खाली आला की सावध. नवीन मुली इथे हमखास गडबड करतात.

डायग्नोसिस: डॉक्टरांचं नाव कॉपी करायचं नाही

"नर्सिंग डायग्नोसिस: हार्ट फेल्युअर" असं लिहिलेला केअर प्लॅन मी या वर्षातही पाहिलाय. हार्ट फेल्युअर हे मेडिकल डायग्नोसिस, ते डॉक्टरांचं. त्या आजारामुळे या माणसाला जो त्रास होतोय आणि ज्यावर आपण नर्स म्हणून काही करू शकतो ते आपलं. मांडणी तीन तुकड्यांची असते, प्रॉब्लेम काय, कशामुळे, आणि कशावरून म्हणतो. आजोबांचं पहिलं असं होईल: एक्सेस फ्लुइड व्हॉल्यूम (अंगात पाणी जास्त), कशामुळे तर हृदयाचं पंपिंग कमी आणि पाण्याची गोळी तीन आठवडे बंद, कशावरून तर प्लस थ्री सूज, खुर्चीत बसून झोप, आरआर २८, दोन्ही फुफ्फुसांच्या तळाशी क्रेप्ट्स (श्वास घेताना येणारा चरचर आवाज).

मधला "कशामुळे" हा तुकडा सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच सगळ्यात आळसानं लिहिला जातो. तुमच्या इंटरव्हेन्शन, म्हणजे तुम्ही जे करणार ते, त्याच्यावर मारा करतात. तिथे नुसतं "आजारामुळे" लिहिलंत तर प्लॅनमध्ये करण्यासारखं काही उरतच नाही, मग "पेशंटला मानसिक आधार दिला" वगैरे भरती सुरू होते.

दुसरं, रिस्क फॉर फॉल्स. इथे "कशावरून" हा भाग लक्षणांचा नसतो, कारण अजून काही घडलेलंच नाही, फक्त धोक्याची कारणं लिहायची: मॉर्स ६०, लघवीचं इंजेक्शन चालू, रात्री उठायची सवय. तिसरं, औषधाबद्दल अपुरी माहिती. ॲक्टिव्हिटी इनटॉलरन्सही लिहिता येईल, दोन पावलात धाप लागते म्हणून. पण याच्यापुढे जाऊ नका. कॉलेजच्या फाईलला दहा डायग्नोसिस लागतात तिथे लिहा बापडे, वॉर्डात तीन-चार पुरे, आणि जे आज रात्री जीवावर बेतू शकतं ते वर. श्वास पहिला, बाकी सगळं त्याच्या मागून.

प्लॅनिंग: आकडा आणि वेळ नसेल तर ते ध्येय नाही

"पेशंटला बरं वाटेल", "सूज कमी होईल" हे आपण देवाला सांगतो तसं झालं. असं लिहा: "उद्या सकाळी ६ पर्यंत एसपीओटू ९४ च्या वर, आरआर २४ च्या खाली, ४८ तासांत वजन ७१.४ वरून दीड ते दोन किलो कमी, ॲडमिशनच्या काळात एकदाही पडणार नाहीत, डिस्चार्जआधी आजोबा आणि आजी गोळीची वेळ स्वतः सांगतील". वजनाचं आणि ऑक्सिजनचं टार्गेट डॉक्टरांशी बोलून ठरवायचं, सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट आजार) असलेल्या पेशंटला ऑक्सिजनचं टार्गेट वेगळं असतं, स्वतःच्या मनानं टाकू नका.

मग इंटरव्हेन्शन, प्रत्येकाला कोण, किती, केव्हा. डॉक्टरांची ऑर्डर आहे फ्लुइड १२०० मिली चोवीस तासांत. हे जर प्लॅनमध्ये नुसतं "रिस्ट्रिक्ट फ्लुइड" म्हणून लिहिलंत तर काय होतं माहितीय? सकाळ आणि दुपारमध्ये अकराशे संपतात आणि नाईटच्या सिस्टरच्या वाट्याला तहानलेला चिडलेला म्हातारा आणि शंभर मिली उरतात. म्हणून वाटून द्या: सकाळच्या ड्युटीत ५००, संध्याकाळी ४५०, रात्री २५०, आणि गोळ्यांसोबतचं पाणी यातच. आपल्या वॉर्डातला चहाचा कप, स्टीलचा ग्लास, डाळीची वाटी एकदाच मेझरिंग कपनं मोजून त्याचे आकडे ड्रेसिंग ट्रॉलीजवळ चिकटवून टाका, नाहीतर एक ग्लास म्हणजे कुणी १५० धरतं, कुणी २५०. डाळ, ताक, कढी, पेज हे सगळं इनटेकमध्येच येतं, नातेवाईकांना ते पाणी वाटतच नाही.

मिठाचंही तसंच. "लो सॉल्ट डाएट" सांगितलं की आजी मान डोलावतात आणि डब्यात भाकरीबरोबर खर्डा आणि लिंबाचं लोणचं येतं, कारण त्यांच्या हिशेबानं भाजीत मीठ कमी टाकलंय ना. प्लॅनमध्ये स्पष्ट लिहा: लोणचं, पापड, खर्डा, फरसाण बंद, डबा उघडून बघणे.

लघवीचं भांडं कोण ओततं? मावशी. मग प्लॅन मावशींना माहीत नको का? न मोजता ओतलं की आऊटपुट गेलं, मग तुमचा चार्ट कितीही नीट असू दे. मी मावशींना बोलावून सांगते, "मावशी, ९ नंबरचं भांडं मला दाखवल्याशिवाय ओतायचं नाही हं," आणि कॉटला पाटी लावते. आणि रात्री उठावं लागतं या मूळ कारणाचं काय? ते प्लॅनमध्ये असं येतं: लघवीच्या औषधाचा दुसरा डोस रात्री न ठेवता दुपारी चारच्या सुमारास ठेवता येईल का, हे राऊंडला विचारणे. विचारलं, डॉक्टर लगेच हो म्हणाले. ऑर्डर त्यांची असते पण प्रश्न आपण विचारायचा असतो.

काम करणं आणि लिहिणं

हे दोन्ही एकाच वेळी व्हायला हवं. होत नाही, मला माहितीय, एका बाजूला नवीन ॲडमिशन, दुसरीकडे ब्लड चालू, तिसरीकडे नातेवाईक सलाईन संपलं म्हणून ओरडतायत. त्याला उपाय म्हणून आपण हातावर लिहितो, आणि मग हात धुतला की बीपी गेलं. खिशात घडी घातलेला एक कागद ठेवा, कॉट नंबर आडवे, तास उभे, तिथे आकडा टाका आणि तासाभरात चार्टवर उतरवा. ड्युटी संपताना तो कागद फाडून टाका, पेशंटची माहिती घेऊन बसमध्ये बसू नका.

नोट लिहायची पद्धत हॉस्पिटलनुसार बदलते, कुठे सोप (पेशंटचं म्हणणं, तपासणी, निष्कर्ष, प्लॅन या क्रमानं), कुठे साधं गोष्टीसारखं लिहायचं. मला फोकस चार्टिंग आवडतं, म्हणजे फोकस, डेटा, ॲक्शन, रिस्पॉन्स. आजोबांची ॲडमिशनची नोट अशी (आरएमओ म्हणजे ड्युटीवरचे डॉक्टर, फाउलर्स म्हणजे पाठ उंच करून बसतं ठेवणं, फ्युरोसेमाईड म्हणजे लघवी वाढवणारं औषध):

"१६:१०. फोकस: दम लागणे. डेटा: पेशंट म्हणतात 'आडवं झालं की जीव गुदमरतो'. आरआर २८, एसपीओटू ८९ रूम एअरवर, दोन्ही तळांना क्रेप्ट्स. ॲक्शन: फाउलर्स पोझिशन दिली, आरएमओंना १६:१२ ला कळवलं, ऑर्डरप्रमाणे ऑक्सिजन २ लिटर नेझल प्रॉन्गने चालू, इंजेक्शन फ्युरोसेमाईड ४० मिलिग्रॅम आयव्ही हळू १६:२० ला दिलं. रिस्पॉन्स, १६:५०: आरआर २२, एसपीओटू ९५, लघवी ३५० मिली, 'आता जरा बरं वाटतंय'."

शेवटचा रिस्पॉन्स बघा. शंभरातल्या कित्येक नोट्समध्ये तोच गायब असतो. पेनकिलर दिलं, वेळ आहे, सही आहे, पण दुखायचं थांबलं का? कुणालाच माहीत नाही. आधी दुखणं दहापैकी ८ होतं, पाऊण तासानं ३ झालं, एवढा एक आकडा लिहिला की सकाळी डॉक्टरांना औषध पुरतंय का ते कळतं.

लिहिताना काय टाळायचं ते एकदा सांगून टाकते. चूक झाली तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, बाजूला सही, वेळ. व्हाइटनर नाही, गिरवून आठचा नऊ करणं नाही. रिकामी ओळ सोडायची नाही. दुसऱ्याच्या कामावर आपली सही नाही, तिनं कितीही "अगं तेवढी सही कर ना" म्हटलं तरी. युनिटच्या जागी नुसता यू लिहू नका, घाईच्या अक्षरात १० च्या पुढचा यू शून्य दिसतो आणि इन्सुलिन १०० होतं. पॉईंट पाच लिहायचं तर आधी शून्य हवंच, आणि पाच लिहायचं तर पुढे पॉईंट शून्य नको. डोस दिला नाही तर का नाही ते लिहा, पेशंट नको म्हणाले, उलटी झाली, सोनोग्राफीला गेले, औषध आलं नाही. फोनवरची ऑर्डर लिहून घ्या आणि मोठ्यानं परत वाचून दाखवा, फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखंच ऐकू येतं म्हणून "वन फाइव्ह ना सर?" असं विचारायचं, आणि हॉस्पिटलच्या नियमाप्रमाणे डॉक्टरांची सही वेळेत घ्यायची. कॅन्युलाची तारीख लिहा आणि दर ड्युटीला व्हीआयपी स्कोअर (कॅन्युलाची जागा किती बिघडलीय त्याचा आकडा), दोन झाला, म्हणजे दुखणं, लाली, सूज यातलं दोन दिसलं, की काढून दुसरीकडे लावा, "अजून चालतीय" म्हणून ठेवायची नाही.

"लिहिलं नाही म्हणजे केलं नाही" हे आपल्याला पहिल्या दिवसापासून ऐकवतात, कोर्टाची भीती घालून. खरंच आहे ते, ग्राहक कोर्टात केस गेली तर तुमच्या बाजूनं बोलणारा तो केसपेपरच असतो. पण माझ्या मते त्याहून वाईट म्हणजे न करता लिहिणं, आणि ते मी स्वतः केलंय म्हणून सांगते. सुरुवातीच्या एका नोकरीत संध्याकाळी गर्दी होणार म्हणून मी साडेपाचलाच सगळ्यांचे सहाचे व्हायटल्स भरून ठेवले. त्यातल्या एका पेशंटला पावणेसहाला एक्स-रेला नेलं, साडेसहापर्यंत ते खालीच होते, आणि तिथेच त्यांचं बीपी पडलं. टेक्निशियननं बीपी घेऊन कागदावर वेळेसकट लिहिलं, ८०/५०. माझ्या चार्टवर त्याच वेळेला १३०/८०, सही माझी. माणूस वाचला, इन्चार्ज सिस्टरनी मला आत बोलावून दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. बोलण्यासारखं काही नव्हतंच माझ्याकडे.

राहून गेलेलं लिहायचं असेल तर सरळ "लेट एन्ट्री" म्हणा, आत्ताची वेळ टाका, मग "१८:०० वाजताची नोंद" असं लिहून पुढे चालू. यात काहीही कमीपणा नाही.

इव्हॅल्युएशन: दोन आकडे जुळत नाहीत तेव्हा

पहिल्या चोवीस तासांचा हिशेब छान लागला. इनटेक ११५०, आऊटपुट २१००, म्हणजे ९५० निगेटिव्ह, आणि वजन ७१.४ वरून ७०.४. साधारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे दोन्ही आकडे एकमेकांची साक्ष देतात. वजन मात्र रोज एकाच वेळी घ्यायचं, सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, तेच कपडे, तोच काटा.

दुसऱ्या दिवशी इनटेक १२००, आऊटपुट १३००. कागदावर १०० निगेटिव्ह, वर घामातून श्वासातून जातं ते वेगळंच, म्हणजे वजन थोडं तरी उतरायला हवं. काटा म्हणतो ७०.८, चारशे ग्रॅम वाढ. इथे नव्वद टक्के वेळा आपण दोन्ही आकडे दोन वेगळ्या चार्टवर निमूटपणे लिहितो आणि ड्युटी संपवतो, कुणी शेजारी ठेवून बघतच नाही. इव्हॅल्युएशन म्हणजे ते बघणं. आधी काटा तपासला, शून्यावर आहे. कपडे तेच. भांडं न मोजता ओतलं का, तर तसं असतं तर वजन उतरलं असतं. मग राहिलं काय, तर तोंडातून काहीतरी जातंय जे चार्टवर नाही.

आजोबांना विचारलं तर म्हणाले काही नाही. आजींना विचारलं तर त्याही नाही म्हणाल्या. मग कॉटखाली बघितलं तर पिशवीत दोन शहाळी, स्ट्रॉसकट. "अवो सिस्टर, ते पाणी न्हाई, शहाळं हाय. पुतण्या आला व्हता, पेशंटला चांगलं असतं म्हणून घिऊन आला." चिडून काय उपयोग, त्यांच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे, आपण प्लॅनमध्ये चहा, ताक, डाळ लिहिलं आणि आपल्याकडे पेशंटला भेटायला जाताना लोक सगळ्यात आधी जे घेतात तेच विसरलो. आणि शहाळ्यात नुसतं पाणी नसतं, पोटॅशियम भरपूर असतं. आजोबांना स्पायरोनोलॅक्टोन चालू होती, ती पोटॅशियम शरीरातच धरून ठेवते. सहा-सव्वासहाला नाईटच्या आरएमओंना फोन केला, तो असा:

"गुड मॉर्निंग सर, मेल मेडिकलमधून बोलतेय, कॉट नंबर ९, हार्ट फेल्युअरचे आजोबा. काल १०० निगेटिव्ह असून वजन चारशे ग्रॅम वाढलंय. काल दुपारी दोन शहाळी घेतलीत, चार्टवर नव्हती, आणि स्पायरोनोलॅक्टोन चालू आहे. आरआर २२, एसपीओटू ९४ दोन लिटरवर, नाडी ८८ रेग्युलर, बीपी १३०/८०. पोटॅशियमसाठी रक्त पाठवू का आणि सकाळची स्पायरोनोलॅक्टोन रिपोर्ट येईपर्यंत थांबवायची का?"

कोण, काय झालं, आधीचं काय, आत्ताचे आकडे, मला काय हवंय. सरांनी अर्ध्या मिनिटात ऑर्डर दिली, मी लिहून परत वाचली. पोटॅशियम ५.२ आलं, थोडं वर. नुसतं "सर ९ नंबर पेशंटचं वजन वाढलंय" म्हटलं असतं तर "बरं, राऊंडला बघतो" एवढंच उत्तर मिळालं असतं.

त्यानंतर प्लॅन बदलला आणि बदल तारीख-वेळेसकट लिहिला: बाहेरून येणारं प्रत्येक पेय सिस्टरला दाखवणे, शहाळं आणि फळांचे ज्यूस बंद, पुतण्या आणि मुलगा दोघांना समजावलं. जुनं खोडायचं नसतं, खाली नवीन यायचं. जे ध्येय पूर्ण झालं त्याच्यापुढे तसं लिहा, अर्धवट राहिलं तर का ते लिहा. सात दिवस तोच प्लॅन खाली "कंटिन्यू" असा शिक्का मारल्यासारखा दिसला की समजायचं, कुणी वाचलेला नाही.

ओव्हर देताना आणि घरी पाठवताना

ओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरला सोपवणं, काउंटरवर बसून देऊ नका, कॉटपाशी उभं राहून द्या. कॅन्युला दोघींनी बघा, सलाईनचा रेट दोघींनी बघा, आजोबांच्या समोरच सांगा की रात्रीसाठी २५० उरलंय, त्यांनाही कळतं. काठी हाताला येईल अशी आहे का, लाईट चालू राहतोय का, बेल वाजते का. गोपनीय काही असेल, एचआयव्ही रिपोर्ट वगैरे, ते मात्र बाजूला येऊन. आणि घेणारीनं प्रश्न विचारलाच पाहिजे, मान डोलावून घेतलेली ओव्हर अर्धीच असते.

डिस्चार्ज टीचिंगची नोंद म्हणजे "हेल्थ एज्युकेशन दिलं" हे तीन शब्द. काय दिलं, कुणाला दिलं, त्यांना कळलं का? तुम्ही सांगून झाल्यावर त्यांच्याकडून वदवून घ्या. "आजी, आता मला सांगा, पाण्याची गोळी कधी द्यायची?" आजी म्हणाल्या सकाळी न्याहारीनंतर एक आणि दुपारी चारला एक, रात्री न्हाई. "आणि वजन?" तीन दिसात दोन किलो वाढलं तर थांबायचं न्हाई, दवाखाना गाठायचा. अगदी बरोबर. मी जायला वळले तर आजी मागून म्हणाल्या, "पण बाई, वजन करायचं कशावर? घरात काटा न्हाई." सगळं शिकवून झालं होतं आणि हे मी विचारलंच नव्हतं. मग मुलाला बोलावलं, त्यानं सांगितलं गावात उपकेंद्र आहे, तिथे काटा आहे, चालत पाच मिनिटं. पण रोज सकाळी चहाच्या आधी तिथे जाणं जमणार का? नाही जमणार, उपकेंद्र उघडतं नऊनंतर. शेवटी मुलगा म्हणाला मी आजच काटा घेतो. शेवटची नोट अशी झाली:

"११:३०. गोळीची वेळ आणि वजनवाढीची धोक्याची खूण पत्नीने स्वतःच्या शब्दांत बरोबर सांगितली. लोणचं, पापड, खर्डा, शहाळं बंद, पेशंटनेही सांगून दाखवलं. घरी वजनकाटा नव्हता, मुलगा आज घेणार. आजचं वजन ६९.१, डिस्चार्ज कार्डावर लिहून दिलं. फॉलोअपला काट्याबद्दल विचारणे."